एंड-ऑफ-लाइन रेझिस्टर: जागा चुकली की पहारा संपला

नव्या अलार्म पॅनलच्या खोक्यात रेझिस्टरची एक छोटी पिशवी येते. हे एंड-ऑफ-लाइन (ईओएल) रेझिस्टर, म्हणजे सेन्सरकडे जाणाऱ्या वायरच्या टोकाला लावायचे. बऱ्याच साइटवर ते रेझिस्टर पॅनलच्या डब्यातच, झोन (पॅनलवरची सेन्सरची एक लाइन) आणि कॉमन टर्मिनलच्या स्क्रूखाली अडकवलेले सापडतात. कीपॅडवर झोन ‘नॉर्मल’ दिसतो, बिल निघतं, काम संपतं. पण त्या रेझिस्टरने राखायची होती ती सगळी केबल मात्र उघडीच राहते. पॅनलला फक्त टर्मिनल ते रेझिस्टर एवढाच भाग कळतो. रेझिस्टर डब्यात असेल तर पॅनल स्वतःच्या डब्यावरच लक्ष ठेवून बसलेलं असतं.

आधी रेझिस्टर अजिबात नसलेली वायरिंग पाहू, कारण छोट्या दुकानांत आणि बंगल्यांत आजही तीच जास्त आहे.

दाराचा मॅग्नेटिक सेन्सर किंवा पीआयआर (हालचाल ओळखणारा सेन्सर) हा साधारणपणे एनसी, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट असतो. शांत असताना बंद म्हणजे जोडलेला, घटना घडली की उघडा म्हणजे तुटलेला. पॅनल फक्त सर्किट पूर्ण आहे की तुटलंय एवढं बघतं. वायर कोणी कापली तर झोन उघडा दिसतो, त्यामुळे तिथवर ठीक. पण दोन्ही वायर एकमेकींना जोडल्या तर? पॅनलच्या दृष्टीने ते दार कायमचं बंद. दिवसा सिस्टीम बंद असताना फॉल्स सीलिंगचं किंवा रंगाचं काम करणाऱ्या माणसाने जंक्शन बॉक्समध्ये दोन वायर पिळून ठेवल्या, तर रात्री सिस्टीम लावताना कुठलाही दिवा लागत नाही. यात चोरच हवा असंही नाही. प्लायवूडचा एक स्क्रू केबलमधून आरपार गेला आणि दोन कोअर जोडले गेले तरी परिणाम तोच.

पॅनिक स्विचचं उलट असतं. तो एनओ (नॉर्मली ओपन), म्हणजे दाबल्यावर जोडणारा. त्याची वायर उंदराने कुरतडली तर काहीच घडत नाही, आणि नेमकं तेच वाईट. मेलेला पॅनिक स्विच आणि जिवंत पॅनिक स्विच पॅनलवरून अगदी सारखे दिसतात.

रेझिस्टर आला की पॅनलचा प्रश्नच बदलतो. ‘जोडलंय का’ हे विचारण्याऐवजी ते ‘किती ओहम’ हे मोजायला लागतं. पॅनलच्या आत झोन टर्मिनलला एका अंतर्गत रेझिस्टरमधून व्होल्टेज दिलेलं असतं आणि टर्मिनलवर किती व्होल्ट उरले ते मायक्रोकंट्रोलर वाचतो. हिशोबासाठी १२ व्होल्ट आणि आतला रेझिस्टर ५.६ किलोओहम धरा. लाइनच्या टोकाला ५.६ किलोओहम असेल तर टर्मिनलवर ६ व्होल्ट येतात. वायर तुटली तर १२, शॉर्ट झाली तर ० आणि रेझिस्टन्स दुप्पट म्हणजे ११.२ किलोओहम झाला तर ८. प्रत्येक पॅनलचं आतलं गणित वेगळं असतं, पण पद्धत हीच. व्होल्टेजचे पट्टे ठरलेले असतात आणि रीडिंग कुठल्या पट्ट्यात पडतं यावरून पॅनल अर्थ लावतं.

एक रेझिस्टर की दोन

एकाच रेझिस्टरच्या वायरिंगला सिंगल ईओएल म्हणतात. एनसी सेन्सरला रेझिस्टर सिरीजमध्ये लागतो, एनओ सेन्सरला पॅरललमध्ये, दोन्ही वेळा सेन्सरच्या टोकाला. यात शॉर्ट पकडला जातो. मात्र एनसी झोनमध्ये ‘दार उघडलं’ आणि ‘वायर कापली’ या दोन गोष्टी पॅनलला एकच दिसतात, सर्किट उघडं.

सिस्टीम लावलेली असताना दोन्हींवर हूटर वाजणारच, मग फरक काय पडतो, असं कोणी म्हणेल. फरक दिवसा पडतो. दुपारी कोणी वायर तोडली तर कीपॅडवर फक्त ‘झोन ४ उघडा’ दिसतं. रात्री शटर ओढताना मालक बघतो, दार तर बंद आहे. पाच मिनिटं वैतागतो आणि झोन ४ बायपास करून घरी जातो. तोडणाऱ्याला हेच हवं असतं.

म्हणून डबल ईओएल. त्यात एक रेझिस्टर लाइनच्या शेवटी सिरीजमध्ये आणि दुसरा अलार्म कॉन्टॅक्टच्या दोन टोकांवर पॅरललमध्ये. पहिल्याला शेवटचा आणि दुसऱ्याला अलार्मचा रेझिस्टर म्हणू. दोन्ही ५.६ किलोओहम असतील तर चार अवस्था वेगळ्या होतात:

० ओहम: शॉर्ट, म्हणजे फॉल्ट
५.६ किलोओहम: सगळं शांत
११.२ किलोओहम: सेन्सरने काहीतरी पकडलं
अनंत: वायर तुटली किंवा सेन्सरचं झाकण उघडलं, म्हणजे टॅम्पर

टॅम्पर २४ तास जागा असतो, सिस्टीम लावलेली असो वा नसो. दुपारी वायर तुटली तर दुपारीच कळतं. शिवाय टॅम्परसाठी वेगळी जोडी आणि वेगळा झोन लागत नाही, दोन कोअरमध्ये सगळं बसतं. रेझिस्टरची किंमत इतकी किरकोळ आहे की सिंगल ईओएल करण्यामागे पैशाचं कारण उरतच नाही. जुनं पॅनल डबल ओळखत नसेल तर गोष्ट वेगळी.

पीआयआरमधली जोडणी

बहुतेक वायर्ड पीआयआरमध्ये सहा स्क्रू असतात: १२ व्होल्टचे प्लस-मायनस, अलार्मचे दोन आणि टॅम्परचे, म्हणजे झाकण उघडलं की तुटणाऱ्या स्विचचे दोन. काहींत सातवा रिकामा स्क्रू असतो, तो रेझिस्टर टेकवायलाच दिलेला असतो.

पॅनलकडून आलेली झोनची पहिली वायर टॅम्परच्या एका स्क्रूला लावा. टॅम्परच्या दुसऱ्या स्क्रूवरून छोटा तुकडा घेऊन अलार्मच्या पहिल्या स्क्रूला जोडा. अलार्मच्या दोन स्क्रूंमध्ये अलार्मचा रेझिस्टर. अलार्मच्या दुसऱ्या स्क्रूवरून शेवटचा रेझिस्टर निघतो. त्याचं दुसरं टोक रिकाम्या स्क्रूवर आणि तिथूनच झोनची दुसरी वायर परत पॅनलला. रिकामा स्क्रू नसेल तर रेझिस्टरचं टोक आणि वायर सोल्डर करून वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. रेझिस्टरच्या उघड्या पायांवरही स्लीव्ह हवीच. झाकण दाबून बसवताना ते पाय सर्किट बोर्डाला टेकले की पुढे विचित्र, अधूनमधून येणारे फॉल्ट सुरू होतात.

टॅम्पर नेहमी सगळ्यांच्या सिरीजमध्ये ठेवायचा. अलार्मचा रेझिस्टर चुकून टॅम्पर आणि अलार्म दोन्हींवर मिळून पॅरलल लागला, तर झाकण उघडल्यावर टॅम्परऐवजी ११.२ किलोओहम म्हणजे साधा अलार्म येतो. दिवसा त्याची दखलही घेतली जात नाही.

आजकालच्या काही पीआयआरमध्ये रेझिस्टर आतच असतात आणि जंपरने १, २.२, ४.७, ५.६ किलोओहम असे निवडता येतात. काम सोपं होतं, पण जंपर लावून वर बाहेरूनही रेझिस्टर जोडलेले सेन्सर सापडतात. जंपर वापरायचा तर बाहेरचा रेझिस्टर नाही.

शटरचा फ्लोअर-माउंट मॅग्नेटिक सेन्सर थोडा अडचणीचा. त्याची वायर कारखान्यातच आत बंद केलेली असते, रेझिस्टर लावायला जागा नाही. मग तो सर्वात जवळच्या जंक्शन बॉक्समध्ये जातो आणि बॉक्स ते सेन्सर एवढी वायर शॉर्टच्या दृष्टीने उघडी राहते. ती शक्य तितकी आखूड ठेवा, बॉक्स शटरच्या आतल्या बाजूला घ्या आणि बॉक्सला टॅम्पर स्विच लावून तो याच लूपच्या सिरीजमध्ये टाका. आत रेझिस्टर घातलेले शटर सेन्सरही मिळतात. नवीन काम असेल तर तेच मागवावेत.

किती ओहमचा

हे पॅनल ठरवतं, आपण नाही. डीएससीच्या पॉवरसीरीज पॅनलला ५.६ किलोओहम लागतो, हनीवेलच्या विस्टाला २ किलोओहम, पॅराडॉक्सला १ किलोओहम आणि हनीवेलच्या गॅलक्सीला डबल बॅलन्स्डसाठी (डबल ईओएलचंच दुसरं नाव) १ आणि १ किलोओहम. ब्रिटिश पद्धतीच्या पॅनलवर अलार्मला ४.७ आणि शेवटचा २.२ किलोओहम ही जोडी बरीच दिसते. तिथे दोघांची अदलाबदल चालत नाही. बरोबर लावलं तर शांत असताना २.२ आणि अलार्मला ६.९ किलोओहम. उलट लावलं तर शांत असतानाच ४.७. दोन्ही रेझिस्टर सारखे असले की हा घोळ होत नाही.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत रेझिस्टर सुटे मिळतात. १ टक्का मेटल फिल्म, पाव वॉट मागा. १२ व्होल्ट पूर्ण ५.६ किलोओहमवर पडले तरी साधारण २६ मिलीवॉट होतात, त्यामुळे पाव वॉट भरपूर. रंग बघून घेताना ५.६ किलोओहम म्हणजे हिरवा-निळा-लाल, पण हिरवा-निळा-तपकिरी ५६० ओहम आणि हिरवा-निळा-नारिंगी ५६ किलोओहम. पोटमाळ्यावर मोबाइलच्या उजेडात लाल, तपकिरी आणि नारिंगी सारखेच दिसतात. १ टक्क्याच्या रेझिस्टरवर पाच पट्टे असतात, तिथे ५.६ किलोओहम हिरवा-निळा-काळा-तपकिरी-तपकिरी होतो. रंगांवर भरवसा न ठेवता प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मल्टिमीटरवर मोजावा. दोन सेकंदांचं काम आहे.

रेझिस्टर बसवला म्हणजे पॅनलला आपोआप कळत नाही, प्रोग्रॅमिंगही करावं लागतं. डीएससी पॉवरसीरीजमध्ये सेक्शन ०१३ चा पहिला पर्याय एनसी लूप की ईओएल आणि दुसरा सिंगल की डबल हे ठरवतो. ही निवड सगळ्या झोनना एकदम लागते, अपवाद फायर आणि २४ तास सुपरव्हायझरी झोनचा, ते सिंगलच राहतात. म्हणजे जुन्या साइटवर चार सेन्सर डबल आणि चार तसेच, असं अर्धवट काम चालणार नाही. पहिला पर्याय एनसी लूपवर राहिला तर लूपमध्ये बसवलेल्या रेझिस्टरकडून देखरेखीची अपेक्षाच नको.

केबलची लांबी आणि पावसाळा

केबल लांब असली की रेझिस्टन्स वाढून गोंधळ होतो, असं सांगणारे बरेच भेटतात. हिशोब करून बघा. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या एका कोअरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ३६ ओहम. १०० मीटर अंतर जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे ७ ओहमच्या आसपास. कॅट-५ई वापरली तर १७-१८. काही पीआयआरच्या रिले कॉन्टॅक्टला सिरीजमध्ये १० ओहमचा संरक्षक रेझिस्टर असतो, तोही धरा. सगळं मिळून ३० ओहम. ५.६ किलोओहमपुढे हे काहीच नाही आणि १ किलोओहमपुढेही ३ टक्के. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम केबल असेल तर रेझिस्टन्स साधारण दीडपट होतो, पण तिचा खरा ताप ओहमचा नाही. स्क्रूखाली ती चेपते आणि पुढे तुटते.

खरा त्रास जॉइंटमध्ये असतो आणि तो दोन उलट दिशांनी येतो. ही बाजू बहुतेक मॅन्युअलमध्ये नसते.

एक म्हणजे गंज. पिळून टेप लावलेल्या जॉइंटवर ऑक्साइड चढतं आणि सिरीजमध्ये रेझिस्टन्स वाढतो. समजा ५०० ओहम वाढले. ५.६ किलोओहमच्या लूपवर ६.१ दिसतील, पॅनल दुर्लक्ष करेल. १ किलोओहमच्या लूपवर १.५ किलोओहम होतील आणि रात्री दोनला विनाकारण हूटर वाजेल.

दुसरी गळती. ओल्या भिंतीत, पाणी शिरलेल्या बॉक्समध्ये दोन कोअरमध्ये ओलाव्यातून प्रवाह वाहतो, म्हणजे लूपला समांतर एक नकोसा रेझिस्टर लागतो. हा २० किलोओहमचा आहे असं धरा. ५.६ किलोओहमच्या डबल ईओएलमध्ये शांत अवस्थेचं रीडिंग ५.६ वरून ४.४ किलोओहमवर येतं. पॅनलचा ‘शांत’ पट्टा जरा रुंद असेल तर हे खपून जाईल. आता सेन्सर उघडला की ११.२ ऐवजी ७.२ किलोओहम दिसतील. पॅनलची अलार्मची रेषा ८ किलोओहमजवळ असेल तर अलार्म होणारच नाही. झोन कायम शांत. गळती १० किलोओहमपर्यंत वाढली तर उघड्या सेन्सरचं रीडिंग ५.३ किलोओहम येतं, म्हणजे जवळजवळ हुबेहूब शांत झोनसारखं. तेव्हा शांत अवस्थेचं रीडिंग ३.६ पर्यंत घसरलेलं असतं आणि बहुतेक पॅनल तिथे फॉल्ट दाखवतील. धोका आहे तो फॉल्ट येण्याआधीच्या त्या मधल्या पट्ट्यात. हीच २० किलोओहमची गळती १ किलोओहमच्या लूपवर असेल तर शांत ०.९५, अलार्म १.८ किलोओहम. पॅनलला ओळखायला काही अडचण नाही.

थोडक्यात, मोठ्या ओहमचा रेझिस्टर गंज सोसतो पण ओल सोसत नाही, लहान ओहमचा ओल सोसतो पण गंज नाही. मूल्य निवडायची मुभा देणारं पॅनल असेल तर कोकणात, तळघरात, पंप रूममध्ये लहान मूल्य घ्यावं आणि जॉइंट सोल्डर करावेत. गंजाचा उपाय आपल्या हातात असतो, भिंतीतल्या ओलीचा नसतो. सोल्डर शक्य नसेल तिथे टेलिफोनवाले वापरतात ते जेली कनेक्टर उत्तम. पीव्हीसी टेपचा गोंद एका पावसाळ्यात सुटतो, त्याला जॉइंट म्हणूच नये.

अलार्मची केबल २३० व्होल्टच्या वायरसोबत एकाच पाइपात घालू नका. इलेक्ट्रिशियन पाइप वाचवायला हे हमखास करतात. धोका तर आहेच, शिवाय लूपवर एसी चढतं आणि मोटर सुरू झाली की झोन फडफडतो.

एका झोनवर दोन सेन्सर

झोन कमी पडले की दोन खिडक्या एका झोनवर घेतल्या जातात. डबल ईओएलमध्ये प्रत्येक कॉन्टॅक्टवर वेगळा ५.६ किलोओहम ठेवला आणि दोन्ही खिडक्या एकदम उघडल्या तर १६.८ किलोओहम होतात. वरच्याच गणिताने ८ ऐवजी ९ व्होल्ट. पॅनल त्याला अलार्म म्हणेल की टॅम्पर, हे मॅन्युअल बघितल्याशिवाय सांगता येत नाही. दोन्ही कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये घेऊन त्या जोडीवर मिळून एकच अलार्म रेझिस्टर लावणं हा दुसरा मार्ग, पण मग त्या दोघांमधली वायर कापली तर ते अलार्मसारखंच दिसतं.

काही पॅनल मुद्दाम वेगवेगळ्या मूल्यांवर दोन सेन्सर ओळखतात. शेवटचा १ किलोओहम, पहिल्यावर १ आणि दुसऱ्यावर २.२ असं धरलं तर शांत १, पहिला उघडला २, दुसरा उघडला ३.२ आणि दोन्ही ४.२. चारही आकडे वेगळे. कागदावर सुंदर, पण दोन आकड्यांमधलं अंतर कमी झालेलं असतं, त्यामुळे गंजाने घोळ व्हायला वेळ लागत नाही. झोन एक्स्पांडर परवडत असेल तर तोच घ्यावा.

फायर पॅनलचं वेगळं

कन्व्हेन्शनल फायर पॅनलमध्ये हाच रेझिस्टर आहे, पण वायर तुटली की अलार्म नाही, फॉल्ट यायला हवा. २४ व्होल्टच्या दोन वायरवर डिटेक्टर पॅरललमध्ये असतात आणि रेझिस्टर शेवटच्या डिटेक्टरच्या बेसमध्ये. ४.७ किलोओहम असेल तर लाइनमधून कायम ५ मिलीअँपिअरच्या आसपास वाहतं. ते थांबलं की वायर तुटली. इथे रेझिस्टरवर साधारण १२० मिलीवॉट उष्णता होते, त्यामुळे पाव वॉट चालतो, पण अर्धा वॉट घेतलेला बरा. मूल्य पॅनलनुसार बदलतं. काही पॅनल रेझिस्टरऐवजी कपॅसिटर किंवा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल देतात. ते मल्टिमीटरवर ओहममध्ये मोजता येत नाही आणि हरवलं तर रेझिस्टर लावून भागत नाही.

मॅन्युअल कॉल पॉइंटच्या (आग दिसली की काच फोडून दाबायच्या बटणाच्या) आत ४७० किंवा ६८० ओहमचा रेझिस्टर असतो. तो काढून साधा स्विच लावलेला दिसतो, कारण ‘शॉर्ट झालं की वाजेल’ अशी समजूत. आजच्या बहुतेक पॅनलमध्ये शॉर्ट म्हणजे फॉल्ट. काच फोडली, बटण दाबलं गेलं आणि पॅनलवर पिवळा दिवा लागला, लाल नाही. बदली कॉल पॉइंट घेताना आतला रेझिस्टर पॅनलच्या मॅन्युअलशी जुळवून घ्या.

मधूनच फांदी काढून एखादा डिटेक्टर जोडणं इथे चालत नाही. केबल एका बेसमध्ये जाऊन दुसऱ्या स्क्रूवरून बाहेर पडली पाहिजे. फांदीवरची वायर तुटली तर मुख्य लाइनवरचा रेझिस्टर जागेवरच असतो, पॅनलला कळणारच नाही की दोन डिटेक्टर गेले. तसंच, अखंड वायरचा लूप करून एका स्क्रूखाली दाबू नका. वायर कापा, दोन टोकं दोन ठिकाणी घाला. स्क्रू सैल पडला तर सर्किट तुटेल आणि फॉल्ट येईल. अखंड वायरमध्ये फक्त तो एक डिटेक्टर गुपचूप सुटतो.

डिटेक्टरचं डोकं काढलं की बेसमधला संपर्क तुटतो आणि त्यापुढचं सगळं सुटतं. फॉल्ट येतो, पण पुढचे कॉल पॉइंटही मेलेले असतात. म्हणून एका झोनमध्ये कॉल पॉइंट पॅनलच्या बाजूला आधी घ्या आणि डिटेक्टर नंतर, निदान आग लागली तर बटण तरी चालेल. भारतात या कामाची संहिता आयएस २१८९ आहे, टेंडरमध्ये तिचं नाव असतंच. ती वाचलेली असली तर साइटवरचे निम्मे वाद आपोआप मिटतात.

हूटरच्या लाइनलाही रेझिस्टर लागतो, बऱ्याचदा १० किलोओहम. पॅनल शांत असताना उलट्या पोलॅरिटीने तपासतं आणि वाजवताना पोलॅरिटी बदलतं. हूटरच्या आत डायोड नसेल तर तो उलट्या प्रवाहात मध्ये येतो आणि कायम फॉल्ट दिसतो. सिरीजमध्ये १एन४००७ डायोड घातला की काम होतं.

ॲड्रेसेबल सिस्टीममध्ये, जिथे प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा पत्ता असतो, प्रत्येक डिटेक्टरला रेझिस्टर नसतो, पण मॉनिटर मॉड्यूलच्या (साधा स्विच त्या सिस्टीमला जोडणाऱ्या डबीच्या) इनपुटला असतो. नोटिफायर कंपनीच्या मॉड्यूलला ४७ किलोओहम लागतो. हे मॉड्यूल स्प्रिंकलरच्या फ्लो स्विचसाठी (पाइपात पाणी वाहू लागलं की जोडणारा स्विच) वापरतात आणि फ्लो स्विच असतो पंप रूममध्ये, जिथे ओल हटत नाही. १०० किलोओहमची किरकोळ गळती इथे रीडिंग ३२ किलोओहमवर आणते. रेझिस्टर फ्लो स्विचच्या आत, कॉन्टॅक्टवरच लावा आणि केबल ग्लँड खालच्या बाजूने घ्या. बरेच जण हा रेझिस्टर मॉड्यूलवरच ठेवतात. मग फ्लो स्विचपर्यंतची केबल तुटली तरी पॅनल हसतमुख.

डब्यात ठेवायचा एक रेझिस्टर मात्र खरोखर आहे. डीएससी पॅनलला हूटर जोडायचाच नसेल तर बेल आउटपुटवर १ किलोओहम लावतात, नाहीतर पॅनल हूटरचा फॉल्ट दाखवत राहतं.

मीटर लावल्यावर

तपासताना झोनच्या वायर पॅनलमधून सोडवा आणि सुटलेल्या केबलच्या टोकांवर मोजा, पण पीआयआरची १२ व्होल्ट पुरवठ्याची जोडी लावलेलीच ठेवा. बहुतेक पीआयआरचा रिले शांत असताना खेचलेला असतो. वीज काढली की कॉन्टॅक्ट उघडतो आणि चांगल्या सेन्सरवरही अलार्मचं रीडिंग येतं. ५.६ किलोओहमच्या डबल ईओएलवर आलेला आकडा असा वाचा.

५.६ च्या जवळ: ठीक. २.८ किलोओहम: दोन रेझिस्टर समांतर आहेत. एक बरोबर जागी आहे आणि दुसरा कुठल्यातरी मधल्या बॉक्समध्ये किंवा स्प्लिटरवर विसरला गेलाय. वायर जोडलेल्या असतानाच मोजलं असेल तर तो पॅनलच्या डब्यातही असू शकतो. ११.२ वर अडकलेलं: पीआयआरला वीज पोचत नाही किंवा मॅग्नेट दूर सरकलंय. अनंत: वायर तुटली, झाकण नीट बसलं नाही किंवा टॅम्परची स्प्रिंग दबत नाही. शांत असताना ५.६ पण हालचाल झाल्यावर अनंत: अलार्मचा रेझिस्टर राहिलाय, त्यामुळे प्रत्येक हालचाल टॅम्पर म्हणून नोंदली जाईल. हालचाल होऊनही ५.६ च: शेवटचा रेझिस्टर लागलाय, पण अलार्मचा कॉन्टॅक्ट कुठेतरी शॉर्ट आहे. हळूहळू खाली घसरणारा आकडा: ओल. बोटाने बॉक्स हलवल्यावर उडी मारणारा आकडा: जॉइंट.

शेवटी सगळं जोडून, सेन्सरच्या जागी जाऊन स्वतः बिघाड करायचा. स्क्रूड्रायव्हरने झोनच्या दोन वायर शॉर्ट करा, कीपॅडवर फॉल्ट आला पाहिजे. एक वायर सोडवा, टॅम्पर. हालचाल करा, अलार्म. हे पॅनलपाशी उभं राहून टर्मिनलवर करण्यात अर्थ नाही, ते सेन्सरच्या टोकालाच करायचं. प्रत्येक झोनचं कोरडं, शांत रीडिंग पॅनलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह मार्करने लिहून ठेवा. जूनमध्ये ५.५८ असलेला झोन ऑगस्टमध्ये ५.१ दाखवत असेल तर बॉक्स उघडायची वेळ झाली, पॅनल काही बोलत नसलं तरी.